लालगाली

९ सप्टेंबर, मंगळवार

शाळेतल्या मुलांना मी दरवर्षी सांगते, रोज चार ओळी लिहीत जा. स्वतः मात्र लिहीत नाही. तेव्हा आजपासून ही वही, कारण आजपासून कुबानिच अगायांची, म्हणजे कुबानिच गुरुजींची, कथालेखनाची कार्यशाळा सुरू झाली. अगाय बिश्केकमध्ये, मी इथे काराकोलच्या पलीकडच्या आमच्या खेड्यात, बाकीचे आणखी कुठे कुठे. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी पडद्यावर जमायचं. ते जोडणीचं प्रकरण मला जमेना, म्हणून सुनेला हाक मारली. नाझिकने लगेच दुवा उघडून दिला, आवाज कुठून बंद करायचा, चेहरा कुठून लपवायचा, सगळं दाखवलं. मग नावाचा रकाना आला तेव्हा लाजली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. सून सासरच्या थोरांची नावं तोंडाने घेत नाही, पण ही टाइपसुद्धा करीत नाही! जुन्या वळणाची पोर. माझं मीच घातलं: बुरुलचा.

शेवटी आमच्यातून एकाची निवड होणार आहे. त्याला डिसेंबरभर सरोवराच्या उत्तर काठावरच्या लेखकांच्या घरात राहायला मिळेल. खोली, खिडकीत पाणी, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या कोणीतरी रांधलेलं जेवण. त्याची गोष्ट पुस्तकातही येईल. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते: मला ती खोली हवी आहे. इतकी हवी आहे की भीती वाटते.

१३ सप्टेंबर, शनिवार

अगाय म्हणाले, झगडा म्हणजे आरडाओरड नव्हे. दोन माणसांना एकच गोष्ट हवी असते आणि दोघांनाही ती मागता येत नाही, तिथे कथा सुरू होते. मी माझी म्हाताऱ्या घोड्याची गोष्ट वाचली. अगाय मला थोरल्या बहिणीचा मान देऊन एजे म्हणतात. अगाय म्हणाले, "बुरुलचा एजे, तुमचा हात तयार आहे." बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. नारीनचा निवृत्त जनावरांचा डॉक्टर तुरार तर टाळ्या वाजवत होता. ओशची औषधवाली बेर्मेत म्हणाली, "आम्ही उगाच आलो बाई."

जेवताना नाझिकला हे सगळं सांगितलं. ती मला आपा म्हणते, आईला म्हणतात तसं. "छान झालं, आपा," म्हणाली. एवढंच. या मुलीला कशाचं म्हणून कौतुक नाही.

अंगणातल्या लालगाल्या यंदा झाडाला पेलवत नाहीत. ती रोज टोपलीभर चिरून छपरावर वाळत घालते. घरभर सफरचंदांचा वास आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

एक नवीन बाई आली आहे. चेहरा बंद, आवाज बंद. नावाच्या जागी फक्त ‘कोनोक’, पाहुणा. अगाय हसले, "या पाहुणीबाई, बसा. पण पाहुण्याने निदान नाव तरी सांगावं." तिने खाली टाइप केलं, "पाहुण्याला नाव लागत नाही, अगाय. चहा लागतो." सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

अभ्यास होता: ज्यात कोणी आवाज चढवत नाही असा घरातला झगडा, एका पानात. कोनोकने चहावर लिहून आधीच पाठवलं होतं. अगायांनीच वाचून दाखवलं. एक सून दाराशी बसून सगळ्यांना चहा ओतते. प्याला अर्धाच भरायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो आणि पाहुण्याला हाकलल्यासारखं वाटत नाही. सगळे पितात, सगळे बोलतात, आणि तिच्या वाट्याला येतो तो नेहमी गार चहा. सासू वाईट नाही. फक्त दरवेळी "मी काही बोलत नाही" असं म्हणून सुरुवात करते आणि मग चहा संपेपर्यंत बोलत राहते.

वाचून झाल्यावर अगाय म्हणाले, "याला म्हणतात झगडा." माझ्या घोड्याला असं म्हणाले नव्हते.

सासू मात्र हुबेहूब उतरली आहे. अगदी आमची शेजारीण काल्बुबू! मला हसू आवरेना.

२१ सप्टेंबर

रात्री झोप नाही. अर्ध्या प्याल्याचा गार चहा मला का सुचला नाही? मी जन्मभर चहा पिते आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा कोनोक. पुन्हा अगायांचं "वाचा, हे ऐका, हे शिका." मी काही बोलले नाही, फक्त एवढंच म्हटलं की छोट्या छोट्या वाक्यांत लिहिलं की कोणीही खोल वाटतं, खरी कसोटी लांब वाक्यात असते, आणि पाहुणीने एखादं लांब वाक्य लिहून दाखवावं. पुढच्या क्षणी तिने टाइप केलं, "शाळेतल्या एजेंचं म्हणणं बरोबर आहे. मी शिकेन."

शाळेतल्या एजे! सगळे मला बुरुलचा एजे म्हणतात. तुरार तर माझ्यापेक्षा मोठा असूनही म्हणतो. हिला मात्र माझं नाव घ्यायलाही जड जातं. आतापर्यंत एकदाही घेतलेलं नाही, मी मागचं सगळं चाळून पाहिलं. तुरारचं घेते, बेर्मेतचं घेते. माझं तेवढं नाही. असला ताठा मी आयुष्यात पाहिला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

नाझिकचा संध्याकाळचा वेळ गोठ्यातच जातो. मी म्हटलं, "इतका वेळ काय करतेस? दूध तर रोज कमीच येतं."

"गाय पान्हा चोरते, आपा. हळूहळू घ्यावं लागतं."

गायही आळशी आणि हीही. पण एक बरं आहे, कार्यशाळेच्या वेळी घरात चिटपाखरू नसतं. नातसुद्धा तिच्या पाठुंगळी गोठ्यात जाते.

४ ऑक्टोबर, शनिवार

कार्यशाळा ऐन रंगात असताना वीज गेली. परत आली तेव्हा अगाय म्हणाले, "बुरुलचा एजे परत आल्या, कोनोकही आल्या." म्हणजे तिच्याकडेही गेली होती. ती कुठेतरी याच भागातली असणार. गावातल्या कोणाचं काम असेल? काल्बुबूची थोरली सून? छे, तिला स्वतःचं नाव सरळ लिहिता येत नाही.

मधेच कोनोकचा आवाज चुकून चालू राहिला. गाय हंबरली आणि लगेच बंद झाला. माझ्याही खिडकीतून हंबरणं ऐकू आलं. संध्याकाळी सगळ्याच गावांत गायी हंबरतात, त्याचं काय.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज माझी दुसरी गोष्ट वाचली. विधवा आई, परगावी गेलेला मुलगा, घरात सून, आणि आईचं एकटेपण. महिनाभर राबले होते तिच्यावर. बेर्मेत रडली. अगाय म्हणाले, "सुंदर." मी श्वास सोडला.

मग कोनोकचं आलं: "एजेंची आई खरी आहे. पण या गोष्टीतली सून एकदाही बोलत नाही. तिला काय हवं आहे?"

आणि अगाय! "हा प्रश्न फार मोलाचा आहे, एजे. याचा विचार करा."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. गोष्ट आईची आहे! सुनेला काय हवं असणार? नवरा, मूल, घर, सगळं तर दिलं आहे मी तिला गोष्टीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

रागाच्या भरात सकाळी नाझिकला सगळं सांगून टाकलं. ती पीठ मळत होती.

"नाव नाही, चेहरा नाही, आणि मला शिकवते! कोण असेल ही, सांग बघू."

"असेल कोणीतरी रिकामटेकडी, आपा."

"तेच म्हणते मी! हिला घरकाम नाही, मूल नाही, सासू नाही."

"सासू असेल," नाझिक म्हणाली.

"असेल तर ती तरी कशी बसू देते हिला लिहीत?"

"तिला माहीत नसेल, आपा."

"धन्य आहे मग ती सासू!"

नाझिकने पिठावर जोरात मूठ मारली. हसत होती की काय कोण जाणे. ही मला जरा मंदच वाटते. स्वभावाने चांगली आहे, पण मंद.

१८ ऑक्टोबर, शनिवार

कोनोकने लांब वाक्य लिहून आणलं. पानभर एकच वाक्य: एक बाई दूध काढता काढता मनात गोष्ट रचते आहे, आणि धार थांबली तर वाक्य थांबेल म्हणून ती धार थांबू देत नाही. मीच सांगितलं होतं लिही म्हणून. मीच!

इथे लपवायचं कशाला, मी जळते आहे. तिची एखादी ओळ आवडली की आधी आनंद होतो आणि मग तोच आनंद उलटून माझ्यावर येतो. हे चांगलं आहे हे मला कळतं, कारण मी आयुष्यभर चांगलं काय ते शिकवलं आहे. न कळणारी असते तर सुखी असते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज अगायांना निरोप पाठवला. मी काही बोलत नाही, पण खोट्या नावाआड लपलेल्या माणसाला आमच्याबरोबर तोलणं न्यायाचं आहे का, ही गोष्ट तिची कशावरून, एखाद्या नावाजलेल्या लेखिकेने आमची गंमत चालवली असेल तर? बरंच लांबलं. पाठवल्यावर जरा बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

अगायांनी सांगितलं, शेवटच्या दिवशी सगळ्यांनी चेहरा दाखवायचा, म्हणजे कोणाला शंका नको. माझं नाव घेतलं नाही, पण बेर्मेत माझ्याकडे बघत होती असं वाटलं.

कोनोकने लिहिलं, "मग मी शेवटच्या दिवशी नसेन. गोष्ट पाठवून ठेवते. वाचायची तर वाचा."

जिंकले! रात्री साय घालून चहा घेतला. नाझिकला म्हटलं, तूही घे. ती म्हणाली, तिला भूक नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

झालं तसं लिहिते.

शेवटचा दिवस. मी निळा रेशमी रुमाल बांधून बसले होते. कोनोक नव्हती. नाझिक आज लवकर दूध काढून आली होती आणि भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात, उरलेल्या लालगाल्या चिरत बसली होती. फळीवर सुरीचा आवाज येत होता.

माझी गोष्ट झाली, इतरांच्या झाल्या. मग अगायांनी कोनोकची वाचली. आजारी सासरा अंथरुणावर आहे. सून त्याच्यासाठी अंगणातून काहीतरी ओच्यातून आणते. तो विचारतो, "काय आणलंस ग?" त्याला माहीत आहे काय आणलं ते, पण तिच्या तोंडून ऐकायचं आहे. ती म्हणते, "लालगाली." म्हातारा खोकल्याइतका हसतो. रोज तेच विचारतो, रोज तेच हसतो. दारात सासू रश्श्याचं भांडं घेऊन उभी असते. तिच्यासमोर तो कधी असा हसलेला नसतो. ती आत येत नाही. रस्सा परत चुलीवर नेऊन ठेवते. शेवटची ओळ होती: "त्यांनाही काहीतरी हवं होतं, आणि मी ते घेऊन बसले होते."

तुरार म्हणाला, "गोष्ट भारी आहे. पण लालगाली म्हणजे काय? टोमॅटो?"

मला हसू आलं. "अहो डॉक्टर, लालगाली म्हणजे सफरचंद! एवढंही माहीत नाही? सगळेच म्हणतात."

"कोण सगळे, एजे?" बेर्मेत म्हणाली. "आमच्या ओशमध्ये नाही कोणी म्हणत."

"आमच्याकडे म्हणतात. काराकोलकडे."

"मीही काराकोलचाच आहे," अगाय म्हणाले. "तिथे जन्मलो, वाढलो. हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकतो आहे."

माझ्या नवऱ्याचं नाव अल्माबेक. नावातच अल्मा, सफरचंद. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्या नावातला शब्दही उच्चारत नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी नाझिकने झाडाकडे बोट करून विचारलं होतं, "आपा, त्या लालगाल्या उतरवू?" आणि हे हसून हसून वाकले होते. तेव्हापासून घरात तोच शब्द. हे गेले. आता जगात तो शब्द बोलणारं एकच घर, आणि त्या घरात बायका दोनच, एक मी.

भिंतीपलीकडचा सुरीचा आवाज थांबला होता.

त्या दारात मी उभी होते. रस्सा मी परत नेला होता. कोणी पाहिलं नाही असं मला वाटत होतं.

९ नोव्हेंबर

सकाळपासून मागचं सगळं वाचते आहे. ‘शाळेतल्या एजे.’ माझं नाव न घेण्यात मी ताठा पाहत होते. ही वहीही चाळली. पानापानावर ‘मी काही बोलले नाही’. काल्बुबू काय, काल्बुबू!

राग येतो आहे. माझ्या घरात, माझ्या राउटरवर, माझ्या गायीआड बसून! मलाच लिहिलं आणि मलाच ऐकवलं! आणि राग ओसरला की खाली तेच असतं. ती माझ्याहून चांगली लिहिते. परकी असती तर एक वेळ सोसलं असतं.

तिला काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. चहा मात्र तिने आज फार गरम दिला, जीभ भाजली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अगायांचा फोन आला. निवड कोनोकची झाली होती, पण तिने नकार कळवला. घरून निघणं जमणार नाही म्हणाली. "आणि तिने लिहिलं आहे, माझ्या जागी शाळेतल्या एजेंना पाठवा, त्यांना ती खोली माझ्याहून जास्त हवी आहे. तशीही दुसरी निवड तुमचीच होती. अभिनंदन, बुरुलचा एजे!"

मी म्हटलं, "उपकार झाले, अगाय."

खोली माझी झाली. मला काहीच करायचं नाही, फक्त गप्प बसायचं आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गप्प आहे. गावात सगळ्यांना कळलं. काल्बुबू मिठाई घेऊन आली, म्हणाली, "आता आम्हाला विसरू नकोस." शाळेत फळ्यावर माझं नाव लिहिलं.

नाझिक माझे लोकरी मोजे दुरुस्त करते आहे. मी विचारलं, "मी नसताना तुला एकटीला जमेल ना ग?"

"जमेल, आपा. तुम्ही निवांत लिहा."

निवांत! तिच्या बोलण्यात कसलाही डंख नव्हता. डंख असता तर सोपं झालं असतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मुलगा आला आहे. एर्के ट्रक चालवतो, पंधरवड्याने घरी येतो. माझी बॅग दाराशी भरून ठेवलेली. त्यात वाळवलेल्या लालगाल्यांची पुरचुंडी सापडली. "तिथे चहाबरोबर खायला, आपा," नाझिक म्हणाली.

मी ती पुरचुंडी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. अगाय म्हणाले होते ना, दोघींना एकच गोष्ट हवी असते आणि दोघींनाही मागता येत नाही. तिने मागितली नाही, वर माझ्या बॅगेत खाऊ घातला. मी मागितली नाही, तरी घेऊन बसले. खोलीत जाऊन अगायांना फोन लावला आणि सांगितलं, कोनोक येते आहे, मी तिची सासू बोलते आहे. ते इतके हसले की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

संध्याकाळी जमिनीवर अंथरलेल्या सुफऱ्याभोवती जेवायला बसलो. नाझिक नेहमीसारखी दाराशी, किटली घेऊन. मी उठले आणि तिच्या हातून किटली काढून घेतली.

"कोनोक," मी म्हटलं, "पाहुणे दाराशी बसत नाहीत. वर जाऊन बस, दारासमोर, मानाच्या जागी."

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण पाहुणे आले आहेत, आपा?" एर्के म्हणाला.

"तुझी बायको. उद्या तिला सरोवराकाठी सोडून ये. महिनाभर राहील. मुलीला मी बघेन."

"काय बोलतेस? तू जाणार होतीस ना?"

"मी काही बोलत नाही," मी म्हटलं, आणि मग स्वतःच थांबले. नाझिकने रुमालाचं टोक तोंडावर धरलं. आधी हसली, मग रडली, मग परत हसली. हळूहळू उठून वर जाऊन बसली, अगदी कडेला, जणू कोणी उठवेल.

मी चहा ओतला. सवय नाही, प्याला काठोकाठ भरला. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे ‘पिऊन घे आणि निघ’. मग तसाच दिला.

६ डिसेंबर, शनिवार

गाय मला लाथ मारते. ती खरंच पान्हा चोरते, नाझिक खोटं बोलत नव्हती. नात आईसाठी रडते, काल्बुबू येऊन विचारते, "डोकं फिरलं का तुझं? हातची खोली सुनेला दिलीस?" मी तिला अर्धा प्याला चहा ओतते.

तिकडे खिडकीत पाणी असेल. कोणीतरी रांधून वाढत असेल. तिने चार पानं तरी लिहिली असतील आणि ती चांगलीच असतील. जळते मी अजूनही, ते काही गेलं नाही, जाईलसं वाटतही नाही.

आज नात झोपल्यावर माझी विधवा आईची गोष्ट पुन्हा काढली. सुनेला बोलायला लावायचं म्हटलं तर काय बोलेल सुचेना. पेन तोंडात धरून बसून राहिले. मग तिला माझंच वाक्य देऊन पाहिलं.

"आपा," सून म्हणाली, "मी काही बोलत नाही, पण…"

तीन पानं झाली. अजून ती थांबलेली नाही.